अंमल कशाचा, कधीपासून, कोणाच्या सांगण्यावरून

केस पेपरवर ‘अल्टर्ड सेन्सोरियम, क्वेरी ड्रग्ज’ एवढेच लिहिलेले असले, तरी रुग्ण बरा होऊन घरी जाऊ शकतो. शिरेतून औषध दिले जाते, रात्रभर नाडी आणि ताप पाहिला जातो, सकाळी तो भानावर येतो, नातेवाईक बिल भरतात आणि खाट मोकळी होते. काम संपले असे सगळ्यांना वाटते. कागदाचा प्रवास मात्र तिथून सुरू होतो. तो मेडिकल रेकॉर्ड विभागात जातो. रुग्णाला कधीही न पाहिलेला माणूस त्या चार शब्दांवरून एक कोड निवडतो. तो कोड विमा कंपनीकडे जातो, जिल्ह्याच्या आकडेवारीत मिसळतो, काही वेळा न्यायालयातही पोचतो, आणि चार वर्षांनी त्याच माणसाची तपासणी करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरच्या हाती पडतो. भासजनक द्रव्यांच्या नशेची नोंद कशी करावी, हा या पुस्तिकेचा विषय आहे. तो कारकुनी वाटण्याचा संभव असल्यामुळे माझे म्हणणे आरंभीच मांडतो. कोडला नोंदीपेक्षा जास्त काही कळू शकत नाही. रुग्णाने काय सांगितले, डॉक्टरने काय पाहिले आणि प्रयोगशाळेने काय सिद्ध केले, या तीन गोष्टी नोंदीत वेगवेगळ्या राहिल्या तरच कोड खरा ठरतो. त्या एकमेकींत कालवल्या, तर नियमाप्रमाणे दिलेला कोडही खोटे बोलतो.

ज्या वर्गीकरणातून हे कोड येतात त्याची परंपरा जुनी आहे. झाक बेर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटनेने तिची जबाबदारी घेतली आणि सहाव्या आवृत्तीत मृत्यूंबरोबर आजारही आले. १९९० साली मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीवर, म्हणजे आयसीडी-१० वर, आपली बहुतेक रुग्णालये आजही चालतात. अकरावी आवृत्ती २०१९ साली स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. या याद्या केवळ आकडेवारीसाठी आहेत अशी समजूत भारतात तरी धरता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे तिसरे कलम सांगते की मानसिक आजार ठरवताना मान्यताप्राप्त वैद्यकीय प्रमाणे पाळावीत, आणि त्यात या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अद्ययावत आवृत्तीचा उल्लेख आहे. मद्य आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही त्या कायद्याच्या व्याख्येत येतात. तेव्हा भासजनक द्रव्यांसाठीचा एफ १६ हा कोड लिहिणारा माणूस, त्याला जाणीव असो वा नसो, कायद्याच्या भाषेत बोलत असतो.

आपल्या भाषेने या विषयात एक मोठे काम आधीच करून ठेवले आहे. इंग्रजीत नशा आणि विषबाधा या दोन्हींना ‘इंटॉक्सिकेशन’ हा एकच शब्द चालतो, आणि त्या शब्दाच्या पोटात विष आहेच. मराठीत नशा वेगळी, विषबाधा वेगळी. शिवाय झिंग, कैफ, तार, धुंदी हे शब्द नशेच्या चढत्या-उतरत्या पायऱ्या दाखवतात, आणि ‘अंमल’ हा शब्द तर नेमके सांगतो की काही काळ मनावर दुसऱ्याच कोणाची सत्ता आहे. अंमल बसतो, चढतो आणि उतरतो. आयसीडी-१० मध्ये हीच विभागणी दोन वेगळ्या प्रकरणांत आहे. अंमल असेल तर एफ १६.०, म्हणजे भासजनक द्रव्यांची तीव्र नशा, ही मानसिक व वर्तनविषयक विकारांच्या प्रकरणात येते. विषबाधा असेल तर टी ४०, आणि त्यातही एलएसडीसाठी टी ४०.८, तर मेस्कॅलिन, सिलोसायबिन आणि इतर वा अनिर्दिष्ट द्रव्यांसाठी टी ४०.९. दोन्ही प्रकरणे एकमेकांकडे बोट दाखवून सांगतात की विषबाधा म्हणायची असेल तर तिकडे जा, नशा म्हणायची असेल तर इकडे या. सीमा आखलेली आहे. ती कुठे ओलांडली गेली हे मात्र वर्गीकरण ठरवू शकत नाही, ते रुग्णाजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरनेच सांगायचे असते. त्याने ‘इंटॉक्सिकेशन’ एवढाच शब्द लिहिला, तर इंग्रजीतली संदिग्धता रेकॉर्ड विभागाच्या टेबलावर जाऊन पडते आणि तिथला माणूस अंदाजाने एक बाजू निवडतो.

‘भासजनक’ हे नावही थोडी दिशाभूल करणारे आहे. वेदान्ताच्या चर्चेत वाढलेल्या वाचकाला रज्जुसर्पाचा दृष्टान्त माहीत असतो. अंधारात दोरी होती, ती साप वाटली. दोरी मुळात होती, म्हणून तो भ्रम. दोरीच नसताना साप दिसला तर तो भास. आणि दिवा लावून दोरी दाखवल्यावरही ‘हा सापच आहे आणि शेजाऱ्याने माझ्यासाठी सोडला आहे’ असे माणूस ठामपणे म्हणत राहिला तर तो संभ्रम. एलएसडी किंवा सिलोसायबिनच्या नेहमीच्या मात्रेत दिसते ते बहुतांशी पहिल्या प्रकारचे असते. भिंत श्वास घेतेय असे वाटते, रंग ऐकू येतात, फरशीवरची नक्षी सरकते, आणि हे सारे घेतलेल्या पदार्थामुळे होत आहे याची जाणीव बऱ्याचदा शाबूत असते. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निकषांतही संवेदनांमधले हे बदल पूर्ण जागेपणी आणि सावध अवस्थेत व्हायला हवेत अशी अट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या विस्तारित यादीत याच कारणाने पाचवा अंक येतो. एफ १६.०४ म्हणजे संवेदनांच्या विकृतीसह नशा आणि एफ १६.०३ म्हणजे सन्निपातासह नशा. पहिल्यात भान जागेवर आहे, दुसऱ्यात ढळलेले आहे. दोन्हींत उपचारांची निकड वेगळी, जोखीम वेगळी, आणि त्यांच्यातला फरक सांगणारी नोंद एका ओळीची असते : आज कोणता वार, आपण कुठे आहोत, सोबत कोण आहे, हे रुग्णाने बरोबर सांगितले की नाही. ती ओळ नसेल तर दोन्ही कोड तितकेच निराधार आहेत.

इथे भाषेचा आणखी एक प्रश्न येतो, आणि मला तो या विषयातला सर्वांत दुर्लक्षित वाटतो. रुग्ण मराठीत बोलतो, नोंद इंग्रजीत होते. ‘भिंत माझ्याकडे येतेय’, ‘आजी हाक मारतेय, पण ती नाहीये हे मला कळतंय’, ‘सगळे माझ्याविरुद्ध ठरवून आलेत’ ही तीन वाक्ये मानसशास्त्राच्या दृष्टीने तीन वेगळ्या खोल्यांतली आहेत. पहिले भ्रमाचे, दुसरे भान शाबूत असलेल्या भासाचे, तिसरे संभ्रमाचे. केस पेपरवर तिन्हींचे भाषांतर ‘हॅल्युसिनेटिंग’ या एका शब्दात होते. एकदा ते झाले की मूळ वाक्य कायमचे हरवते, कारण अंमल उतरल्यावर रुग्णाला ते आठवेलच असे नाही. रुग्णाचे एखादे वाक्य त्याच्याच शब्दांत, देवनागरीत, अवतरणचिन्हांत लिहिण्याला कोणताही नियम आड येत नाही. त्याला अर्धे मिनिट लागते. ‘अंगात आलंय’ किंवा ‘बाहेरचं आहे’ असे नातेवाईक म्हणाले तर तेही तसेच लिहावे. आयसीडी-१० मध्ये तंद्री आणि संचाराच्या विकारांना एफ ४४.३ हा स्वतंत्र कोड आहे. घरच्यांचे म्हणणे, पदार्थाचा इतिहास आणि तपासणीतली चिन्हे शेजारी शेजारी असली तरच संचार आणि नशा यांतला भेद पुढच्या माणसाला करता येतो.

महाराष्ट्रात या विषयावर लिहिताना धोतऱ्यापासून दूर राहता येत नाही. महादेवाला वाहिले जाणारे हे फूल माळावर, रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर कुठेही उगवते. धोतऱ्याचे बी अन्नात कालवून प्रवाशांना लुटण्याचा गुन्हा इतका जुना आहे की जयसिंह मोदी यांच्यापासून पुढच्या न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत धोतऱ्याचे बी आणि मिरचीचे बी यांतला फरक भावी डॉक्टरांना बारकाईने शिकवला जातो. धोतराही भास घडवतो, म्हणून ‘भास, विस्फारलेल्या बाहुल्या, जलद नाडी’ एवढीच नोंद असली तर तो रुग्ण एफ १६ मध्ये सहज जाऊन बसतो. पण त्याची जागा ती नाही. नैसर्गिक अवस्थेतल्या वनस्पतीची विषबाधा म्हणून तो टी ६२.२ मध्ये येतो. त्याचे शरीरही वेगळीच साक्ष देत असते. धोतऱ्यातील अॅट्रोपिनसारख्या द्रव्यांनी घाम बंद होतो, त्वचा कोरडी, लाल आणि गरम होते, तोंड सुकते, लघवी अडकते, आतड्यांची हालचाल मंदावते, आणि भान जाते. समोर नसलेल्या माणसाशी गप्पा मारणारा, हवेतले धागे वेचणारा रुग्ण हा सन्निपाताचा रुग्ण आहे. एलएसडीच्या अंमलाखालच्या माणसाला बहुधा घाम असतो, हाताला कंप असतो, आणि नाव विचारले तर सांगता येते. दोघांच्याही बाहुल्या मोठ्याच. म्हणजे ‘त्वचा कोरडी’ की ‘त्वचा घामेजलेली’ या दोन शब्दांवर निदान, उपचार आणि कोड असे तिन्ही फिरते. अॅट्रोपिनसारखाच गुण असलेले एखादे शांतवणारे औषध धोतऱ्याच्या रुग्णाला दिले, तर विषात भर पडते. चांगली नोंद ही मुळात चांगली तपासणीच असते, हे मला धोतऱ्याच्या उदाहरणात सर्वांत स्पष्ट दिसते. पावसाळ्यात रानातून आणलेल्या अळंब्यांचेही असेच आहे. भास घडवणारी सिलोसायबिनची अळंबी टी ४०.९ मध्ये, तर विषारी अळंबीची बाधा टी ६२.० मध्ये. दुसऱ्या गटातल्या काही जाती सहा-बारा तास शांत राहून मग यकृत निकामी करतात, म्हणून ‘मशरूम खाल्ले’ या नोंदीपुढे कुठली, किती वाजता आणि किती जणांनी, हे यायलाच हवे.

आता द्रव्याच्या ओळखीकडे वळू. एलएसडी आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ साली बाझेल येथील सँडोझ कंपनीत तयार केले, आणि १९ एप्रिल १९४३ रोजी स्वतःवर प्रयोग करताना पाव मिलिग्रॅम घेतले. ती मात्रासुद्धा आजच्या मानाने मोठी होती. नेहमीची मात्रा त्याच्या निम्म्याहून कमी, शंभर मायक्रोग्रॅमच्या आसपास. तिळाच्या एका दाण्याएवढ्या वजनात अशा वीसेक मात्रा सहज बसतील. इतके अल्प द्रव्य शरीरातून लवकर निघूनही जाते. नेहमीच्या लघवी-तपासणीच्या पट्ट्या गांजा, अफूवर्गीय द्रव्ये, कोकेन, अॅम्फेटामिन यांच्यासाठी असतात आणि एलएसडी त्यांत सहसा नसते. म्हणून ‘युरिन ड्रग स्क्रीन निगेटिव्ह’ या वाक्याचा अर्थ ‘भासजनक द्रव्य घेतलेले नाही’ असा होत नाही, तरी डिस्चार्ज कार्डावर तो अनेकदा तसाच वाचला जातो. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ज्याला मुले ‘स्टॅम्प’ किंवा ‘पेपर’ म्हणतात त्या शोषक कागदाच्या तुकड्यावर एलएसडी असेलच याची हमी विकणाऱ्यालाही नसते. एनबोम गटातली कृत्रिम द्रव्ये त्याच रूपात एलएसडी म्हणून विकली गेली आहेत, आणि त्यांनी झटके, अतिताप आणि मृत्यू घडवले आहेत. एलएसडीच्या विषारी परिणामाने थेट मृत्यू ओढवणे अत्यंत विरळ. म्हणजे मित्राच्या शब्दावर ‘एलएसडी इंटॉक्सिकेशन’ लिहून मोकळे झालेला डॉक्टर कदाचित त्या रात्रीचा खरा धोकाच नजरेआड करत असतो. ‘मित्राच्या म्हणण्याप्रमाणे एलएसडीचा एक स्टॅम्प, रात्री साडेनऊला, कडू लागला; नमुना राखून ठेवला’ ही नोंद त्याला आणि रुग्णाला दोघांनाही सुरक्षित ठेवते. कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतून सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषणाचा अहवाल, येईल तेव्हा येईल. तोवर नोंद आपल्या मर्यादेत खरी असते.

यावर काही डॉक्टर आणि कोडर म्हणतात की मग खात्री नसेल तेव्हा एफ १९ द्यावा, म्हणजे अनेक वा इतर द्रव्यांचा कोड, आणि वाद मिटवावा. हा आक्षेप वरकरणी प्रामाणिक वाटतो. पण जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन नेमके याविरुद्ध आहे. द्रव्याची ओळख रुग्णाच्या सांगण्यावरून, रक्त-लघवीच्या तपासणीवरून किंवा इतर पुराव्यावरून करता येते, एकाहून अधिक स्रोतांचा आधार घ्यावा, प्रयोगशाळेचा पुरावा सर्वांत बळकट मानावा, असे ते सांगते. एफ १९ राखून ठेवला आहे तो द्रव्यांचा वापर अगदी बेबंद असेल किंवा कोणत्या द्रव्याचा किती परिणाम हे उलगडताच येत नसेल तेव्हासाठी. नशेचे निदान हे मूलतः प्रत्यक्ष तपासणीवरचे निदान आहे. पुरेशा चिन्हांसह आणि विश्वसनीय सांगण्यावरून एफ १६.० देणे योग्यच आहे. त्याचा आधार काय, हे मात्र लिहिले पाहिजे. अनिश्चितता लपवण्यासाठी संदिग्ध कोड वापरणे आणि अनिश्चितता लिहून नेमका कोड वापरणे यांत मोठे अंतर आहे, आणि मी दुसऱ्या बाजूला आहे.

वेळेची नोंद हा या सगळ्याचा कणा आहे. सिलोसायबिनचा अंमल साधारण चार ते सहा तास, एलएसडीचा आठ ते बारा तास. नशा ही व्याख्येनेच उतरणारी गोष्ट आहे. दोन दिवसांनीही रुग्णाला आवाज ऐकू येत असतील आणि लोक कट करत आहेत असे वाटत असेल, तर तो एफ १६.० राहत नाही. त्याचा विचार द्रव्यजन्य मनोविकृती म्हणून एफ १६.५ खाली करावा लागतो. तिथेही वर्गीकरण घड्याळ लावते : सुरुवात द्रव्य घेताना किंवा त्यानंतर लगेच, बहुधा ४८ तासांच्या आत, महिन्याभरात निदान अंशतः उतार, सहा महिन्यांत पूर्ण. त्याहून लांबले तर स्किझोफ्रेनियासारख्या आजाराचा प्रश्न उभा राहतो. या निदानांचे माणसाच्या आयुष्यावरचे वजन किती वेगवेगळे आहे हे सांगायला नको. एकीकडे एक वाईट रात्र, दुसरीकडे वर्षानुवर्षे चालणारे औषध, लग्न-नोकरीच्या चौकश्या आणि घरातल्यांची कुजबुज. या दोहोंतला निवाडा करणारा पुरावा म्हणजे कॅज्युअल्टीतल्या पहिल्या कागदावरची ‘किती वाजता घेतले’ ही वेळ. ती दुसऱ्या दिवशी विचारून भरता येत नाही. तेव्हा मित्र पांगलेले असतात आणि प्रत्येकाच्या स्मरणात सोयीचा तपशील तयार झालेला असतो.

कोणी दिले आणि कशासाठी, हा प्रश्न कोडच्या दुसऱ्या भागात येतो. विषबाधेच्या कोडला बाह्य कारणाची जोड लागते. अपघाताने असेल तर एक्स ४२, स्वतःला इजा करण्याच्या हेतूने असेल तर एक्स ६२, दुसऱ्याने दिले असेल तर एक्स ८५, हेतू ठरत नसेल तर वाय १२. शेवटचा कोड हा आळशी माणसाचा पर्याय नसून एक प्रामाणिक वैद्यकीय विधान आहे. पार्टीत पेयातून नकळत काही दिले गेल्याचा संशय असलेल्या मुलीच्या नोंदीत त्याची किंमत कळते. विमा नियामकाने २०१९ साली प्रमाणित केलेल्या अपवादांत बारावा अपवाद मद्यपान, अमली पदार्थांचे सेवन आणि त्यांच्या परिणामांवरील उपचारांचा आहे. दाव्याच्या फॉर्मचा जो भाग रुग्णालयाने भरायचा असतो, त्यात आयसीडी-१० च्या कोडचे रकाने आहेत. दुखापत असेल तर ती द्रव्यसेवनामुळे आहे का, तशी चाचणी केली का, प्रकरण मेडिको-लीगल आहे का, असेही तिथे विचारलेले आहे. तिथे घाईने एफ १६.० पडला तर फसवली गेलेली व्यक्ती कागदावर शौकीन ठरते आणि तिच्यावरील उपचारांचा खर्च तिच्याच गळ्यात पडतो. याउलट, मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा द्यावा असे २०१७ च्या कायद्याचे एकविसावे कलम म्हणते. ही दोन वाक्ये एकमेकांसमोर उभी राहतात तेव्हा दोन्ही पक्षांना ज्याचा आधार घ्यावा लागतो तो कागद डॉक्टरच्या हातचा असतो.

सर्वांत गंभीर आक्षेप करुणेचा आहे, आणि तो मला मनापासून आदरणीय वाटतो. अमली पदार्थविरोधी १९८५ च्या कायद्याचे सत्ताविसावे कलम सेवनालाही शिक्षा सांगते. विषबाधेचा रुग्ण आला की एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, करून पोलिसांना कळवण्याचा आपल्या रुग्णालयांचा शिरस्ता आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या कागदावर ‘एलएसडी’ लिहून त्याचे आयुष्य का उद्ध्वस्त करावे, असे विचारणारा डॉक्टर निर्दय नाही, उलट जबाबदार आहे. तरीही मला त्याचा मार्ग पटत नाही. पहिले कारण असे की ‘अल्टर्ड सेन्सोरियम’ या आडोशाने मुलगा वाचत नाही. पुढच्या वेळी तो झटके येत असताना आणला गेला, तर मागचा कागद मुका निघतो. दुसरे कारण, ‘रुग्णाने असे सांगितले’ ही नोंद उपचारासाठी घेतलेला इतिहास आहे, गुन्ह्याचा निवाडा नव्हे. ती ‘रुग्णाने एलएसडीचे सेवन केले आहे’ अशा वाक्यात बदलण्याचा अधिकार डॉक्टरला नाही आणि गरजही नाही. तिसरे, कायद्याने काही ढाली दिल्या आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे तेविसावे कलम गोपनीयतेचा हक्क देते, पंचविसावे रुग्णाला स्वतःच्या नोंदी पाहू देते, आणि अमली पदार्थ कायद्याचे ६४-अ हे कलम स्वेच्छेने उपचार घेऊन ते पूर्ण करणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवन आणि अल्प मात्रेच्या गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण देते. या ढाली अपुऱ्या आहेत, हे मान्य. त्या वाढवण्यासाठी कायद्याशी भांडले पाहिजे. पण वैद्यकीय नोंद पोकळ करून ते भांडण जिंकता येत नाही. कोणते द्रव्य कुठे किती हानी करते हेच मग कोणाला दाखवता येत नाही.

हाच मुद्दा आकड्यांबद्दलच्या आक्षेपालाही लागू पडतो. ‘एम्स’च्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटात भासजनक द्रव्यांचा वापर ०.१२ टक्के आढळला. दारूच्या तुलनेत हे प्रमाण नगण्य, मग एवढी काटेकोरता कशाला, असे विचारले जाते. आकडा लहान असतो तिथेच चुकीचे वजन वाढते. एखाद्या जिल्ह्यात वर्षाला अशा वीस नोंदी होत असतील आणि त्यांतल्या आठ मुळात धोतऱ्याच्या असतील, तर त्या जिल्ह्यात एलएसडी पसरत असल्याचा समज कागदावर तयार होतो आणि धोतऱ्याचा प्रश्न कागदावरून नाहीसा होतो. राहिला कामाच्या गर्दीचा आक्षेप. वर सांगितलेल्या गोष्टी, म्हणजे वेळ, सांगणारा, ताप, त्वचा, बाहुल्या, भान, रुग्णाचे एक वाक्य आणि हेतू, मिळून सहा ओळी होतात. यांतली एकही केवळ कोडसाठी नाही. प्रत्येक ओळ त्या रात्रीच्या उपचारासाठीच लागते.

पुण्या-मुंबईत बसून अमेरिकी रुग्णालयांच्या नोंदींना कोड देणाऱ्या मराठी तरुणांना हे सारे वेगळ्या दिशेने परिचित आहे. अमेरिकेची स्वतःची आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आहे आणि तिथे एफ १६ चे पुढचे अंक वापर, गैरवापर आणि अवलंबित्व यांवरून फुटतात. एकाहून अधिक शब्द नोंदीत असतील तर फक्त सर्वांत तीव्र पातळीचा कोड द्यायचा, आणि नुसत्या ‘वापरा’चा कोड तर डॉक्टरने त्याचा संबंध एखाद्या विकाराशी स्पष्ट जोडला असेल तरच, असा नियम आहे. म्हणजे एकदाच कागदाचा तुकडा चाखलेल्या मुलाच्या नोंदीत कोणी सवयीने ‘अब्यूज’ लिहिले, तर कोडरला ते खोडता येत नाही. तर्काने निदान बदलण्याची त्याला मुभा नाही. तो डॉक्टरला प्रश्न विचारू शकतो, आणि विचारलाच पाहिजे. ही प्रश्न विचारण्याची पद्धत आपल्या रुग्णालयांच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात जवळपास नाही. वरिष्ठ डॉक्टरला ‘साहेब, नशा म्हणायची की विषबाधा?’ असे विचारणे तिथे आगाऊपणाचे समजले जाते. पुस्तिकेतला जो भाग या प्रश्नांच्या नमुन्यांना दिला आहे, तो मला सर्वांत उपयोगी वाटतो.

वर्गीकरणही स्थिर नाही. अमेरिकी आवृत्तीत एक्स्टसी आणि फेन्सायक्लिडिन हे दोन्ही एफ १६ मध्येच कोंबलेले आहेत, जरी ते मेंदूत वेगळ्या वाटेने काम करतात. अकराव्या आवृत्तीने ही गर्दी मोडली. भासजनक द्रव्यांना ६सी४९ आणि त्यांच्या नशेला ६सी४९.३, एक्स्टसीच्या गटाला वेगळा कोड, केटामिन आणि फेन्सायक्लिडिनला आणखी वेगळा. शिवाय एकाच प्रसंगातल्या हानिकारक वापराला तिने स्वतंत्र जागा दिली, त्यामुळे पहिल्यांदा चुकलेल्याला व्यसनी ठरवण्याची गरज उरत नाही. दुसरीकडे द्रव्यांचे स्थानही बदलत आहे. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांना उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सिलोसायबिन देता येते. केटामिन तर आपल्या शस्त्रक्रियागृहांत कित्येक वर्षे भूल म्हणून वापरले जाते, आणि भूल उतरताना रुग्णाला भास होऊ शकतात. डॉक्टरने योग्य मात्रेत दिलेल्या औषधाचा असा परिणाम नशाही नव्हे आणि विषबाधाही नव्हे. तो उपचाराचा अनिष्ट परिणाम आहे, आणि त्यासाठी आयसीडी-१० मध्ये वेगळे कोड आहेत. भासजनक द्रव्यांसाठीचा कोड वाय ४९.६. अनेक वर्षे जवळपास रिकाम्या राहिलेल्या या रकान्यात आता नोंदी येऊ लागतील.

शेवटी त्या रुग्णाबद्दल, जो महिन्यांनी परत येतो. त्याने मधल्या काळात काही घेतलेले नसते, तरी संध्याकाळी दिव्यांभोवती कडी दिसतात, हलत्या वस्तूमागे तिच्या छटा रेंगाळतात, वाचताना अक्षरे थरथरतात. आयसीडी-१० मध्ये या परतून येणाऱ्या अनुभवांसाठी एफ १६.७० हा कोड आहे. पण तो देण्याआधी डोळ्यांचा आजार, अर्धशिशी आणि अपस्मार यांचा विचार करावा लागतो, आणि मुळात पूर्वी एकदा भासजनक द्रव्याचा अंमल होता हे ठाऊक असावे लागते. रुग्ण जुन्या फाइलमधून पहिल्या रात्रीचे डिस्चार्ज कार्ड काढून टेबलावर ठेवतो. समोरचा डॉक्टर ते उलटून पाहतो आणि त्यावर द्रव्याचे नाव, ते कोणी सांगितले, आणि घेतल्याची वेळ शोधतो.